शंभराचे सहाशे साठ

अगं, आधी शांत हो बघू. अप्पांच्या वहीत करूर वैश्य बँकेचे शंभर शेअर आणि डीमॅटच्या उताऱ्यात सहाशे साठ, म्हणून एवढी कावरीबावरी झालीस? कुणाचंही काही चुकलेलं नाही.

अप्पांनी 2015 मध्ये 450 रुपयांनी शंभर घेतले, म्हणजे 45,000 गुंतवले. नोव्हेंबर 2016 मध्ये बँकेनं दहा रुपयांचा शेअर दोन रुपयांचा केला. शंभराचे झाले पाचशे, भाव पडला 90, गुंतवणूक तीच 45,000 आणि खरेदीची तारीखही तीच 2015 ची. स्प्लिट एवढंच असतं.

पुढचं मात्र वेगळं, आणि इथेच लोक घसरतात. 2018 मध्ये दहाला एक बोनस मिळाला, पन्नास वाढले. ऑगस्ट 2025 मध्ये पाचाला एक, एकशे दहा. या एकशे साठांची खरेदी किंमत शून्य धरायची, आणि तारीख त्यांच्या वाटपाची. म्हणून 45,000 ला सहाशे साठनं भागून सरासरी काढू नकोस गं! विकताना डीमॅटमधून आधी आलेले आधी जातात; म्हणजे जुने पाचशे प्रथम, नव्वदच्या हिशेबानं. शेवटच्या एकशे दहांना वर्ष व्हायच्या आत हात लागला तर तो नफा अल्पमुदतीचा.

जुन्या पाचशेंसाठी 31 जानेवारी 2018 चा भावही पाहायचा असतो. त्या दिवसाचा सर्वांत वरचा भाव खरेदी किमतीपेक्षा जास्त असेल तर करात सवलत मिळते. करूरचं स्प्लिट त्याआधीचं, तो भाव जसाच्या तसा घे. पण तुझ्याकडे एचडीएफसी बँकही आहे ना? तिचं स्प्लिट सप्टेंबर 2019 चं, एकाचे दोन. तिथे 2018 चा दोन हजारांच्या आसपासचा भाव निम्मा करूनच लिही, नाहीतर नफा कमी दिसेल आणि नोटीस येऊ शकेल. स्प्लिटनंतर शेअरचा आयएसआयएन नंबरही बदलतो; उताऱ्यात जुना सापडला नाही तर शेअर गेले असं समजू नकोस.

आणि हो, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दफ्तरांचे गठ्ठे जपलेल्या तंजावरची तू. अप्पांची ओळ खोडू नकोस. तिच्याखाली तीन नव्या ओळी घाल, प्रत्येकीपुढे तारीख आणि संख्या. त्या वर्षांचे डीमॅट उतारे काढून वहीतच लाव. रविवारी फोन कर, एचडीएफसीच्या 2025 च्या बोनसचं तेव्हा बघू.