ड्रोन उडवायचा की त्याला बघायला शिकवायचं?

निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मुलाला ड्रोनचं वेड आहे, कोर्स लावून टाकू का?" आधी एवढंच ठरवा, की त्याला ड्रोन उडवायचाय की समोरचा अडथळा ओळखून ड्रोनने स्वतःच वाट बदलावी अशी यंत्रणा बनवायचीय? पहिल्यासाठी सहसा रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. अठरा वर्षं पूर्ण आणि दहावी पास असलं की काही दिवसांच्या प्रशिक्षणात ते मिळू शकतं. त्यावर इंजिनिअरची नोकरी मात्र मिळत नाही, जाहिरातीत काहीही छापलेलं असो.

दुसरं काम अवघड आहे. १९९६ साली चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा जीव गेला. त्यानंतर भारतात विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. ती चालते समोरच्या विमानातल्या, रेडिओ संदेशाला आपोआप उत्तर देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरच्या भरवशावर. विजेच्या तारेला, झाडाला किंवा घारीला कुठला ट्रान्सपॉन्डर? तिथे ड्रोनला स्वतःच बघावं लागतं.

उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनला सगळ्यात मोठी भीती तारांची असते. समजा, ड्रोन सेकंदाला १५ मीटर वेगाने चाललाय. दर सेकंदाला ५ मीटरने वेग कमी करत तो थांबायला साडेबावीस मीटर घेतो. हे नववीतलं गतीचं समीकरण. त्यात संगणकाला निर्णय घ्यायला ०.३ सेकंद लागले तर आणखी साडेचार मीटर. म्हणजे तार किमान २७ मीटरवरून दिसायला हवी. पण ९० अंशांत १२८० पिक्सेल टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तिथली दोन सेंटिमीटरची तार अर्धा पिक्सेलही भरत नाही! शिवाय कॅमेरा अंधारात चकतो, लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारला दाट धुकं आणि धूळ नडते, रडारला यांतून दिसतं पण आकार धूसर. या तिघांची साक्ष जुळवून निर्णय घेणारं सॉफ्टवेअर लिहिणं, ही खरी नोकरी.

त्यासाठी एरोस्पेसच हवं असा हट्ट नको. इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन किंवा कॉम्प्युटर चालेल, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलात तरी चालेल. संभाव्यता, मॅट्रिक्स आणि सी प्लस प्लस मात्र पक्कं हवं. ड्रोन चालवणारं आर्डुपायलट सॉफ्टवेअर आणि गॅझेबो हा सिम्युलेटर फुकट आहेत. ड्रोन विकत न घेता घरच्या संगणकावर सराव होतो.

आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या नवी मुंबईच्या आयडियाफोर्जसारख्या ड्रोन बनवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे आहेत, पण त्या मोजक्याच. घाबरू नका, हेच ज्ञान मोटारींना आणि गोदामातल्या रोबोंनाही लागतं. म्हणून नुसतं 'ड्रोन' नाव लावलेल्या पदवीसाठी लाखोंची फी भरण्याआधी दहादा विचार करा.

प्रवेशाआधी कॉलेजात जा. प्रयोगशाळेतला लायडार बघायला मागा, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या उड्डाणांच्या नोंदी मागा. रेडीमेड प्रोजेक्टचा सुळसुळाट आहे. नोंदी दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथे फी भरू नका.