बधिर हनुवटीवर विसंबू नका

खालचा जबडा सरकवायच्या शस्त्रक्रियेनंतर ओठ आणि हनुवटी बधिर राहील, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. त्या हाडाच्या आतून एक नस जाते, तीच हनुवटीपाशी बाहेर येऊन कातडीला संवेदना देते. हाड कापताना-सरकवताना तिला ताण बसतो. ओठ हलवणारी नस वेगळी, त्यामुळे ओठ हलतो, पण त्याला काय लागलं ते कळत नाही. बधिर म्हटलं की आता तिथे काहीच जाणवायचं नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात उष्ण कळत नाही आणि थंडी मात्र सोसवत नाही, असे विचित्र दिवस येतात.

आधी उष्णतेचं. मुगाचं कढण वाटीने प्यायले, चव छान लागली. संध्याकाळी वहिनीने विचारलं, "ताई, ओठावर फोड कसला?" ओठ भाजला होता आणि मला पत्ताही नव्हता. तेव्हापासून तान्ह्या बाळाच्या दुधासारखा प्रत्येक पातळ पदार्थाचा थेंब मनगटावर टाकून बघायचा, हा घरातला नियमच झाला. पेज असो, सार असो, चहा असो.

शेकाबाबत तर मी कळकळीने सांगेन. आपल्याकडे सूज दिसली की मायेने तव्यावर फडकं तापवलं जातं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सूज वाढतच असते, तेव्हा बर्फ लागतो. कोमट शेक नंतर, तोही सर्जननी सांगितल्यावरच. बर्फ कापडात गुंडाळून, वीसेक मिनिटांच्या वर नको, कारण बधिर कातडीला बर्फानेही इजा होते. शेकाची पिशवी आधी आपल्या हातावर ठेवून बघा, आणि ती गालाखाली घेऊन कधीही झोपू नका.

थंडीचा त्रास नस जागी होऊ लागली की सुरू होतो. आधी मुंग्या, मग वाऱ्याची झुळूक लागली तरी करंट बसल्यासारखी कळ. मी नाशिकची. निफाडकडे पारा एक आकडी होतो, त्या दिवसांत सकाळी दार उघडणंही नकोसं व्हायचं. डॉक्टरांनी समजावलं, की नस दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढते, आणि सावरणारे तंतू जराशा निमित्तानेही पेटतात. म्हणून महिने जातात. काहींना वर्षही लागतं, आणि थोडा बधिरपणा कायम राहिलेली माणसंही आहेत. हे मनाशी धरून चाललेलं बरं.

लोकरीचा मफलर थेट लावू नका, जाग्या होणाऱ्या कातडीला तो टोचतो. आत जुन्या साडीचं मऊ सुती कापड, वरून स्कार्फ. पंख्याचा आणि एसीचा झोत तोंडावर नको. चेहरा धुवायला कोमट पाणी. जखमा भरल्यावर, विचारून, आरशासमोर बसून मऊ ब्रश हनुवटीवरून हलके फिरवत जा. स्पर्श कुठे आणि कोणत्या दिशेने होतोय, ते मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं. मला या सरावाने खरोखर बरं वाटलं.

कळ झोपू देत नसेल तर सोसत बसू नका, नसेच्या वेदनेवर वेगळी औषधं असतात. आणि उतरलेली सूज पुन्हा चढली, तोंडात घाण चव आली किंवा ताप आला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. बधिर भागातला जंतुसंसर्ग दुखून सांगेलच असं नाही. त्याच दिवशी सर्जनना फोन करा.