लाइन बांधाने की शेतातून?

प्रश्न : आमच्या वस्तीसाठी ११ केव्हीची नवी लाइन मंजूर आहे. सर्व्हेत ती शेतातून सरळ दाखवली आहे. बांधाने नेता येणार नाही का?

उत्तर : येते, पण प्रत्येक वळणाला खर्च आहे. कोनातल्या पोलवर तारांची ओढ एका बाजूला येते. तिथे ताण द्यावा लागतो, तोही शेतातच रुततो. म्हणून वेड्यावाकड्या बांधापेक्षा शिवरस्त्याची कड मागा. चार पोल वाढले तरी चालतील. भर पावसात तार तुटली की वायरमन चिखल न तुडवता पोचतो, आणि उसावर ठिणगी पडण्याची भीतीही कमी होते.

मात्र खरा आग्रह डीपीच्या जागेसाठी धरा. ती पंपांच्या मधोमध हवी. तेवढ्याच भाराला ११,००० व्होल्टवर ४०० व्होल्टच्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्याइतकाच प्रवाह लागतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. लघुदाबाची तार लांबली, तर शेवटच्या शेतकऱ्याची मोटर कमी दाबाने जळत राहते.

घरांपासून आडवे अंतर किमान १.२ मीटर, रस्ता ओलांडताना उंची ६.१ मीटर हवी. आखणी होताना स्वतः हजर राहा. खड्डे खोदल्यावर मार्ग बदलणे फार अवघड जाते.