लघुउद्योगाची दूरध्वनी व्यवस्था : निवडीचे निकष

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मोठ्या कारखान्याच्या आधाराने त्याला सुटे भाग आणि सेवा पुरविणारे लघुउद्योग वाढतात, हे या परिसरातही घडले. दुर्ग-भिलाई या जोडशहरातील पद्मनाभपुर येथे अशा एखाद्या उद्योगाचे दहा कर्मचाऱ्यांचे कार्यालय आहे, असे समजू. चौकशी, मागणी व तक्रार यांपैकी बरेच काही तेथे दूरध्वनीवरून येते. फोन लागला नाही, तर ग्राहक दुसऱ्या पुरवठादाराकडे वळतो आणि हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. म्हणून उपकरणाच्या किमतीपूर्वी गरजेचे मोजमाप करणे आवश्यक ठरते.

वाहिन्या किती हव्यात?

कार्यालयातील प्रत्येक टेबलावरील फोन म्हणजे ‘एक्स्टेन्शन’, तर बाहेरच्या जगाशी जोडणारी वाहिनी म्हणजे ‘ट्रंक’. दहा कर्मचाऱ्यांना दहा ट्रंक लागत नाहीत. हे गणित डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्राने सोडविता येते.

गर्दीच्या तासात प्रत्येकी तीन मिनिटांचे ३० कॉल येत-जात असतील, तर एकूण संभाषण ९० मिनिटे, म्हणजेच १.५ एरलांग होते. सरासरी पाहता दोन वाहिन्या पुरेशा वाटतात. परंतु कॉल समान अंतराने येत नाहीत. सूत्रानुसार दोन वाहिन्या असल्यास सुमारे ३१ टक्के कॉलना वाहिनी मोकळी मिळत नाही. हे प्रमाण तीन वाहिन्यांवर १३ टक्के, चारवर ५ टक्के आणि पाचवर दीड टक्क्याहून कमी होते. अर्थात, या कार्यालयाला चार ते पाच वाहिन्या योग्य ठरतात.

उपलब्ध पर्याय

१) ईपीएबीएक्स : कार्यालयातच बसविलेले छोटे स्वयंचलित दूरध्वनी केंद्र. आरंभीचा खर्च अधिक असतो. मात्र अंतर्गत संभाषणाला शुल्क लागत नाही.

२) इंटरनेटवर आधारित व्यवस्था : एका संभाषणास दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे १०० किलोबिट प्रति सेकंद धरल्यास पाच संभाषणांना ५०० किलोबिट पुरतात. तथापि जोडणी स्थिर नसेल, तर आवाज तुटतो.

३) क्लाउड व्यवस्था : केंद्र सेवा पुरवठादाराकडे असते आणि एकाच क्रमांकावर आलेला कॉल कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर वळविला जातो. आरंभीचा खर्च अल्प, परंतु मासिक शुल्क कायमचे.

केवळ कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक मोबाइलवर विसंबून राहणे स्वस्त वाटते. परंतु कर्मचारी नोकरी सोडून गेला की ग्राहकांना ठाऊक असलेला क्रमांकही त्याच्यासोबत जातो.

करारापूर्वीचे प्रश्न

तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला वीज दूरध्वनी केंद्राकडून मिळते. ईपीएबीएक्स व इंटरनेट फोनला ती कार्यालयातूनच द्यावी लागते, त्यामुळे यूपीएसचा खर्च हिशेबात धरावा. क्रमांक कोणाच्या नावे राहील, पुरवठादार बदलल्यास तो कायम ठेवता येईल काय, दुरुस्ती किती तासांत होईल आणि पाच वर्षांचा एकूण खर्च किती, हेही लेखी घ्यावे. कॉल ध्वनिमुद्रित होत असतील, तर वैयक्तिक माहिती संरक्षणासंबंधीचा २०२३ चा अधिनियम विचारात घ्यावा लागतो.

धोरणात्मक पार्श्वभूमी

हे पर्याय धोरणात्मक बदलांतून खुले झाले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने देशी दूरध्वनी केंद्रे विकसित केली. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी क्षेत्राला वाव दिला, १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) स्थापन झाले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम अस्तित्वात आले. एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. मोबाइल क्रमांक कायम ठेवून सेवा पुरवठादार बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर सुरू झाली. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला असून, त्याच्या तरतुदी २६ जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागल्या.

स्पर्धेमुळे लघुउद्योजकापुढील पर्याय वाढले. तथापि त्यांचा लाभ गरज मोजून निवड करणाऱ्यासच मिळतो. एका आठवड्यातील कॉलची नोंद ठेवणे, ही या निवडीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त पहिली पायरी होय.