विश्वाची उत्पत्ती आणि माणसाची जागा

गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला आमच्या वर्गात चांगलीच जुंपली. एक मित्र म्हणाला, "बायबलात देवाने सहा दिवसांत जग केले म्हणतात, ही निव्वळ भाकडकथा. आपल्याकडे मात्र ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितला आहे आणि शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगतात. म्हणजे आपल्या पूर्वजांना विज्ञान ठाऊक होतेच!" टाळ्या पडल्या. सरांनी शांतपणे विचारले, "ब्रह्मदेवाचा दिवस केवढा ते कळले. पण त्या कथेत तुमची जागा कुठे आहे?" कोणी बोलेना. तेव्हा मागच्या बाकावरून एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "माझी पायांपाशी आहे, सर." वर्ग एकदम गप्प झाला. तास संपला, पण ते उत्तर काही मनातून जाईना. त्यातूनच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आकड्यांचा मोह

प्रथम आकड्यांचा विचार करू. ४३ लक्ष २० हजार वर्षांचे एक महायुग आणि अशा हजार महायुगांचा ब्रह्मदेवाचा एक दिवस, असे हे गणित आहे. ते युगांच्या कल्पनेतून आले आहे, खडकांच्या परीक्षेतून नव्हे. या दिवसानंतर तेवढीच मोठी प्रलयाची रात्र येते. पृथ्वीच्या वयाशी जवळ जाणारा एक आकडा उचलायचा आणि न जुळणारे बाकीचे सोडून द्यायचे, याला शास्त्र म्हणता येणार नाही.

हा मोह केवळ आपल्यालाच पडतो असे नाही. विश्व प्रसरण पावत आहे आणि ते एका आदिम कणापासून निघाले असावे, हा विचार १९२७ ते १९३१ या काळात बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी मांडला. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानात ईश्वरी निर्मितीची साक्ष दिसते असे सुचविले. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. पण या आकड्यावर कोणत्याही धर्माची श्रद्धा तोलू नये, हा धडा एका धर्मगुरूनेच घालून दिला आहे.

मग या कथा वाचायच्या तरी कशासाठी? माझ्या मते, सरांनी विचारलेल्या प्रश्नासाठी. जग कसे झाले हे सांगता सांगता प्रत्येक कथा माणूस कोण आणि त्याने कसे राहावे, हेही सांगत असते.

सेवक, प्रतिमा आणि प्रतिनिधी

प्राचीन बाबिलोनचे 'एनुमा एलिश' हे काव्य मातीच्या सात पाट्यांवर लिहिलेले सापडले. त्यात मार्दुक हा देव तिआमतचा वध करून तिच्या देहापासून आकाश आणि पृथ्वी घडवितो. पुढे किंगू नावाच्या पराभूत देवाच्या रक्तापासून माणूस निर्माण होतो, तो देवांचे कष्ट उपसण्यासाठी. देवांना विसावा मिळावा म्हणून माणसाने राबायचे!

याच्याशेजारी बायबलातील उत्पत्तीचा पहिला अध्याय ठेवून पाहावा. येथे युद्ध नाही. देव बोलतो आणि सृष्टी होते. ज्या सूर्यचंद्रांना शेजारचे लोक देव मानीत, ते येथे चौथ्या दिवशी लावलेले दिवे ठरतात. माणूस, स्त्री आणि पुरुष दोन्ही, ईश्वराच्या प्रतिमेचा ठरतो. सातव्या दिवशी देव विसावतो आणि पुढे दहा आज्ञांत तोच विसावा दासदासींना आणि गुराढोरांनाही देण्यास सांगितले आहे. सहा दिवसांच्या हिशेबात अडकलेल्या वाचकाच्या नजरेतून हा सातवा दिवस निसटतो.

कुराणात माणूस मातीपासून घडतो आणि पृथ्वीवर ईश्वराचा खलिफा, म्हणजे प्रतिनिधी होतो. हा तर रक्तपात करील, अशी शंका देवदूत काढतात, हे मोठे अर्थपूर्ण आहे. सर्व माणसे एका स्त्रीपुरुषापासून झाली आणि त्यांची कुळे व जमाती झाल्या त्या परस्परांची ओळख पटावी म्हणून, असेही तेथे सांगितले आहे.

मुख, बाहू आणि पाय

आता मागच्या बाकावरच्या उत्तराकडे वळू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या यज्ञातून सृष्टी होते. त्याच्या मुखाशी ब्राह्मणाचा, बाहूंशी क्षत्रियाचा, मांड्यांशी वैश्याचा आणि पायांशी शूद्राचा संबंध जोडला आहे. सारे विश्व एकाच देहाचे, ही कल्पना भव्य आहे खरी. परंतु मनुस्मृतीच्या ज्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेवाच्या दिवसाचे गणित आहे, त्याच अध्यायात ही चार अंगांची उत्पत्तीही आहे. आमच्या मित्राने गणित तेवढे वाचले. पायांची जागा ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना मात्र सारा अध्याय भोगावा लागला.

हे जोतीराव फुल्यांनी नेमके ओळखले. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून त्यांनी ब्रह्मदेवापासून झालेल्या उत्पत्तीची उलटतपासणी घेतली आहे. तथापि ते केवळ खंडनावर थांबले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते विश्वाच्या 'निर्मिका'विषयी बोलतात. निर्मिक सर्वांचा एकच, म्हणून सर्व स्त्रीपुरुष समान हक्कांचे. उत्पत्तीची कल्पना त्यांनी टाकली नाही. तिच्यातली माणसाची जागा बदलली.

असा प्रयत्न त्यांच्याही फार पूर्वी झाला होता. पाली दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात ब्राह्मण कुळातील वासेट्ठ आणि भारद्वाज या दोघांना बुद्ध सांगतात की, समाजातील भेद माणसांच्या व्यवहारातून उत्पन्न झाले, कोणाच्या मुखातून नव्हे. लोभ वाढला, साठे झाले, शेतांना बांध पडले, चोऱ्या सुरू झाल्या. तेव्हा लोकांनी एकाला राजा निवडले.

कर्त्यावाचून विश्व

जैन दर्शनाला तर कर्ताच मान्य नाही. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्ये अनादी आहेत. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी 'आदिपुराणा'त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेविरुद्ध तर्कशुद्ध आक्षेप घेतले. कर्ता नाही, म्हणून माझ्या कर्माची जबाबदारी माझ्यावरच येते आणि प्रत्येक जीवाविषयी अहिंसा हे कर्तव्य ठरते.

जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नावर मालुंक्यपुत्ताला बुद्धांनी उत्तर दिले नाही. विषारी बाण लागलेला मनुष्य बाण मारणाऱ्याचे कूळ आणि धनुष्याचा प्रकार विचारीत बसला, तर मरून जाईल. आधी बाण काढा, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे.

न कळण्याचे धैर्य

शेवटी नासदीय सूक्ताकडे येतो. पुरुषसूक्ताच्याच दहाव्या मंडलात असलेल्या या सात ऋचा आरंभी सत् नव्हते आणि असत्‌ही नव्हते, येथून निघतात. देवही सृष्टीनंतरचे, मग हे कोणाला ठाऊक असणार? परम आकाशात जो या सर्वांचा अध्यक्ष आहे त्याला कदाचित ठाऊक असेल, कदाचित त्यालाही नसेल, येथे सूक्त संपते. पूर्वजांचा अभिमान बाळगायचाच, तर तो या प्रांजळपणाचा बाळगावा असे मला वाटते. ज्याला आरंभाची खात्री नाही, तो दुसऱ्याची जागा जन्मावरून ठरविण्याचे धाडस कसा करील?

विश्वाचे वय किती, हे दुर्बिणी सांगतील आणि उद्या तो आकडा सुधारतीलही. शेजारी बसणाऱ्याला कोणती जागा द्यायची, हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे. त्या तासाला टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. पुढच्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्याने आपली वही सरकवून मला जागा करून दिली.