आधी घर, मग सायकल

वाचन : नहेम्या २:११–१८ आणि अध्याय ३, लूक १४:२८–३०



आषाढीच्या आधी पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिककडून सायकलवारी पंढरपुरात येते. हेल्मेट घातलेली ती लांब रांग पाहून आमच्या तरुण संघातल्या एकाने मला विचारले, "ताई, आपणही निघू या का? वाटेत एखाद्या पारधी कुटुंबाचं घर बांधून देऊ." मी लगेच हो म्हटले. थोडे थांबून म्हटले असते तर बरे झाले असते.

कल्पना चांगलीच आहे, आणि नवीही नाही. अमेरिकेत मिलर्ड फुलर आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी १९७६ मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही घरबांधणीची ख्रिस्ती संस्था काढली. पुढे २००५ मध्ये त्यांनी फुलर सेंटर फॉर हाउसिंग सुरू केले, आणि २००८ पासून त्या सेंटरची सायकलफेरी निघू लागली. वाटेत काही दिवस सायकली भिंतीला टेकवून सगळे घरबांधणीच्या कामाला लागतात. आपल्याकडे बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' सायकलयात्रा काढली. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना स्वतःला बसणेही कठीण होते, तरी ते गाडीतून सोबत राहिले. आणि लोणावळ्याजवळ मळवलीच्या पाटण गावात २००६ मध्ये हॅबिटॅटच्या स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरे उभी करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः कामाला आले होते.

आमची पहिली फेरी मात्र फसली. ती कशी फसली हे सांगण्यासाठीच हा पाठ घेतला आहे.

आम्ही अठरा जण निघालो. पंढरपूर ते मंगळवेढा साधारण २५ किलोमीटर, वस्ती त्याच्याही थोडी पुढे. जमलेल्या पैशांतले बरेचसे टी-शर्ट, बॅनर, जेवण आणि मागून येणारा टेम्पो यांतच संपले. तारीख आम्ही आमच्या सुट्टीप्रमाणे ठरवली होती. तिथे पोहोचलो तर पायाचे काँक्रीट दोनच दिवसांपूर्वी ओतलेले. गवंडी म्हणाला, थांबा. पण आमच्याकडे दोनच दिवस होते! विटा नीट न भिजवताच आम्ही भिंत चढवली, फोटो काढले, प्रार्थना केली आणि परत आलो. नंतर गवंड्याने ओळंबा लावला, आणि ती भिंत उतरवावी लागली. विटा-सिमेंट वाया गेले ते गेलेच, वर भिंत उतरवून पुन्हा बांधण्याची मजुरी त्या कुटुंबाने उसने पैसे काढून भरली. आम्हांला हे महिन्याने कळले. ते पैसे आम्ही परत केले, पण त्या घरात जाताना माझी मान वर होत नव्हती.

घरातल्या आजी रागावल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भिंतीचं काय न्हाई ताई. पर दार कुठल्या अंगाला पायजे, ते कुनी इचारलंच न्हाई."

या वाक्याने मला जुनी गोष्ट आठवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलात अनेक जमातींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी सोलापुरात आजही एक भाग 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. तिथल्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्या मिशनऱ्यांनी शाळा चालवल्या, कामधंदा दिला, हे खरे. पण आत राहणाऱ्यांना विचारून कुंपण घातलेले नव्हते. एकसारखे टी-शर्ट घालून अठरा माणसे वस्तीवर उतरतात आणि 'तुमचे घर आम्ही बांधतो' म्हणतात, तेव्हा हा इतिहास आपल्याला माहीत असलेला बरा.

मग मी नहेम्या पुन्हा वाचला. यरुशलेमला पोहोचल्यावर तो तीन दिवस काहीच करत नाही. मग रात्री थोडी माणसे घेऊन तटाची पाहणी करतो, आणि त्यानंतर लोकांशी बोलतो. तिसऱ्या अध्यायातली नावांची यादी आपण नेहमी भरभर वाचून टाकतो. पण तिच्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत. म्हणजे अडाणी हातांनाही काम होते. आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचाच तट बांधला.

तेव्हा फेरी काढायची असेल तर पहिली फेरी पाहणीची, तीन-चार जणांचीच. जागा कोणाच्या नावावर आहे, गावठाणात की गायरानात, हे ग्रामपंचायतीत पाहावे; गायरानातले घर उद्या अतिक्रमण ठरू शकते. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे जातीचा दाखला असेल तर शबरी घरकुल योजनेचा मार्ग आहे. पंतप्रधान आवास योजनेत २०१६ पासून सपाट भागात १,२०,००० रुपये ठरले, तेही हप्त्यांनी. तेवढ्यात घर पुरे होत नाही, आणि आपली भर तिथे घालायची. ज्यांच्याकडे दाखलाच नाही त्यांच्यासाठी तहसील कार्यालयाच्या चार फेऱ्या मारणे हीसुद्धा घरबांधणीच आहे, फक्त तिचे फोटो चांगले येत नाहीत.

घराचे वेळापत्रक गवंडी ठरवील. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल जायला हवा. काँक्रीटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंट असेल तर १० दिवस पाणी मारत राहावे लागते. भिंत गवंड्यानेच बांधावी. आपण विटा भिजवाव्यात, पोहोचवाव्यात, वाळू चाळावी, जोत्यात मुरूम भरून धुमसावा, रंग द्यावा. रोज दोघांनी सायकलवर जाऊन पाणी मारून यायचे, अशी पाळी लावली तर अठरा जणांच्या एका मिरवणुकीपेक्षा घराला जास्त उपयोग होतो.

पैशांचे दोन वेगळे डबे ठेवा. खाणे, टेम्पो, टी-शर्ट हा खर्च ज्याचा त्याने करायचा. देणगीचा रुपया सिमेंट-विटांनाच. रस्त्याचेही पाहा. चार यात्रांचे दिवस टाळा. ऊस तोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मागे दिवा असेलच असे नाही. म्हणून उजाडल्यावरच निघायचे आणि प्रत्येक सायकलला मागे रिफ्लेक्टर हवाच.

यंदा आम्ही चौघे कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर पाहणीला निघणार आहोत. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला आणि परत, दोन दिवसांत. आजींच्या घरी थांबणार आहोतच. त्यांना दार बाभळीच्या अंगाला हवे आहे. दुपारी तिथे सावली असते आणि शेळ्या दिसतात.