तीन हजार कातड्यांचा हिशेब

जून 2022 मध्ये माझ्या खात्यावर 50 लाख नाणी होती. ओल्ड स्कूल रूनस्केप या खेळातली नाणी. आठ महिने ऑफिसातून आल्यावर रात्री तासभर लाकडं तोडून आणि मासे पकडून एकेक जमवलेली. मला बाँड घ्यायचा होता. बाँड म्हणजे खेळातल्या नाण्यांनी विकत घेता येणारं 14 दिवसांचं सभासदत्व. दर महिन्याला खऱ्या पैशांतून वर्गणी भरण्यापेक्षा खेळातल्या कमाईवरच खेळायचं, असं मी ठरवलं होतं. लाकडं तोडून ते होईना. म्हणून कारागिरीकडे वळले आणि एका आठवड्यात 4 लाख 31 हजार नाणी घालवली. कुणी लुबाडलं नाही. बाजाराचा मला न कळलेला नियम होता, आणि आता माझा अकरावीतला भाचा त्याच वाटेने निघाला आहे, म्हणून सगळं लिहिते आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने 2001 मध्ये रूनस्केप आणला. 2007 सालचं त्याचं रूप जपून ठेवलेलं होतं, ते 2013 मध्ये ‘ओल्ड स्कूल’ या नावाने पुन्हा सुरू झालं आणि 2018 च्या ऑक्टोबरात मोबाइलवर आलं. मी तेव्हापासूनची. यात लाकूडतोड, शिवणकाम, लोहारकाम, औषधं बनवणं अशी कौशल्यं आहेत, प्रत्येकाची लेव्हल 99 पर्यंत जाते. काम केलं की एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण मिळतात, एक्सपी साठले की लेव्हल वाढते. 99 ला 1 कोटी 30 लाखांच्या वर एक्सपी लागतात आणि 92 व्या लेव्हलला पोचलात तरी निम्मी वाटच झालेली असते. 99 चा हा आकडा लक्षात ठेवा, माझं नुकसान त्यातूनच झालं.

शिवणकामात माझी 63 वी लेव्हल झाली होती. या लेव्हलला हिरव्या ड्रॅगनच्या चामड्याचं चिलखत शिवता येतं. एका चिलखताला तीन चामडी. कच्चं कातडं विकत घ्यायचं, खेळातल्या अल खरीद शहरातल्या चांभाराकडून 20 नाण्यांत कमावून घ्यायचं, सुई-दोऱ्याने शिवायचं आणि ग्रँड एक्स्चेंजवर विकायचं. ग्रँड एक्स्चेंज म्हणजे खेळातला सामायिक बाजार. आपण भाव लावून माल ठेवायचा, घेणारा असेल तर सौदा आपोआप होतो.

पडद्यावर कातड्याचा भाव 1,450 दिसत होता, चिलखताचा 4,600. तीन कातडी 4,350, कमावणी 60, एकूण 4,410. एका चिलखतामागे 190 सुटतात. हजार चिलखतांना 1 लाख 90 हजार. वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि तीन हजार कातड्यांची मागणी लावली.

दोन दिवसांत फक्त 200 कातडी आली. पडद्यावरचा भाव हा मार्गदर्शक भाव असतो. झालेल्या सौद्यांवरून तो मागाहून सरकतो, त्या क्षणी माल त्या भावाला मिळेलच असं नाही. हे मला कळलं नाही, मला वाटलं घाई आहे म्हणून थोडं जास्त द्यावं. 1,500 केलं. मग 1,550. शेवटी 1,620 ला उरलेली 2,800 मिळाली. वहीतला जुना आकडा मी एकदाही पुन्हा मांडला नाही. भाव वाढवताना मनात एवढंच होतं की सुरुवात केली आहे तर आता पुरं करू.

मग कमावणी. पिशवीत 28 खण, त्यातला एक नाण्यांना जातो, उरले 27. बँकेतून 27 कातडी घ्यायची, चांभाराकडे पळत जायचं, ‘सगळी’ म्हणायचं, परत बँकेत यायचं. तीन हजारांना 112 फेऱ्या. शिवताना सुई आणि दोरा दोन खण अडवतात, 24 चामडी बसतात, एका खेपेला आठ चिलखतं. म्हणजे आणखी 125 खेपा. चार रात्री मी हे करत होते आणि मला छान वाटत होतं, कारण प्रत्येक चिलखताला 186 एक्सपी पडत होते आणि लेव्हल वाढल्याचे फटाके सारखे उडत होते.

हजार चिलखतं विकायला ठेवली. 4,600 ला घेणारा नाही. 4,550 लाही कुणी घेईना, तेव्हा मी घाबरून सगळी 4,500 वर आणली. त्यातून डिसेंबर 2021 पासून विकणाऱ्याला 1 टक्का कर बसत होता (मे 2025 पासून तो 2 टक्के आहे), तोही माझ्या हिशेबात नव्हता. नगाला 45 गेले. हाती आले 44 लाख 55 हजार. घातले होते 48 लाख 86 हजार.

माझं माहेर इचलकरंजीचं. आप्पांचे चार माग होते, जॉबवर्कवर. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आप्पांना मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. भाव चढो की पडो, मजुरी ठरलेली. शेजारच्या काकांनी एकदा स्वतः सूत घेऊन स्वतः कापड विकायचं धाडस केलं आणि मधल्या पंधरा दिवसांत सूत चढलं, कापड पडलं. त्या घरातला ताण मी लहानपणी पाहिलेला. तरी खेळात मी नेमकं तेच केलं. मधल्या काळाची जोखीम पूर्ण माझी आणि मजुरी देणारा कुणीच नाही.

मजुरी का नाही, हे समजायला मला आणखी महिना लागला. मी चिलखतं कुणासाठी शिवत होते? अंगात घालणारे फार थोडे. बहुतेक नग जादूने वितळवले जातात. ‘हाय अल्केमी’ नावाचा मंत्र आहे, जादूच्या 55 व्या लेव्हलला येतो, एक नेचर रून आणि पाच फायर रून (रून म्हणजे मंत्राला लागणारे दगड) लागतात, आणि वस्तूची ठरलेली नाणी हातात पडतात. हिरव्या चिलखताची 4,680. त्यातून रूनचा खर्च गेला की जे उरतं त्याच्या आसपास बाजारभाव अडकून बसतो. त्याच्या फार वर जाणार नाही, कारण वितळवणारा तोट्यात घेणार नाही. वरची बाजू अशी बंद आहे. खालून हजारो खेळाडू कातड्यांवर तुटून पडतात, कारण त्यांना 99 गाठायचं आहे. ते तोटा सोसायला आनंदाने तयार आहेत. त्यांना चिलखत विकायचंच नाही, त्यांना एक्सपी विकत घ्यायचे आहेत.

माझा हिशेब तसा मांडून पाहा. हजार चिलखतांत 1 लाख 86 हजार एक्सपी मिळाले, 63 वरून 67 व्या लेव्हलला गेले. 4 लाख 31 हजारांना. एका एक्सपीला सव्वादोनच्या वर नाणी मोजली. लेव्हल हवी असेल तर हा भाव वाईट नाही. मी मात्र ती पैसे कमवायचा धंदा समजून विकत घेतली.

वहीत मागे जाऊन आणखी एक आकडा काढला, तो फार लागला. कमावलेल्या चामड्याचा भाव त्या दिवसांत 1,720 होता. मी शिवणकाम केलंच नसतं, कातडी कमावून तशीच विकली असती, तर कर जाऊन 2 लाख 23 हजार सुटले असते. त्याच कातड्यांवर. चांभाराकडे 112 फेऱ्या मारण्याचे एक्सपी शून्य मिळतात, म्हणून लोक ते काम करत नाहीत आणि तयार चामड्याला चार पैसे जास्त देतात. ज्या कामाला एक्सपी नाहीत किंवा फार थोडे आहेत त्यालाच या खेळात मजुरी आहे. नंतर मी हे जिथे तिथे तपासलं. औषधाच्या कामात पाण्याच्या कुपीत साफ केलेली वनस्पती टाकून अर्धवट औषध करण्याला एक्सपी नाहीत, तिथे नफा सुटतो. तेच औषध पुरं केलं की एक्सपी येतात आणि बहुतेक वेळा तोटा. तोफेचे गोळे ओतायला फार वेळ लागायचा आणि एक्सपी थोडे मिळायचे, म्हणून पोलादी कांड्यांवर पैसे सुटायचे. मी पुढे बाँड त्याच गोळ्यांवर घेतला, कुकरच्या शिट्ट्या मोजत, मोबाइल ओट्यावर ठेवून.

आणखी एक गैरसमज नवख्यांत फार दिसतो. सीअर्स गावाजवळच्या शेतात जवस तोडायचं, चरख्यावर त्याची दोरी वळायची, धनुष्याला लावायची, आणि दोरी फुकट पडली असं मानायचं. दोरी बाजारात विकली जाते, म्हणजे धनुष्याला लावली त्या क्षणी तिचा भाव तुम्ही खर्च केलात. स्वतः तोडलेलं, स्वतः पकडलेलं, सगळं बाजारभावानेच वहीत मांडा.

मोठी मागणी लावायच्या आधी एकच नग चढ्या भावाने विकत घ्या आणि लगेच पडत्या भावाने विका. खरा खरेदीभाव आणि खरा विक्रीभाव तेव्हा कळतो, दोन-तीनशे नाण्यांत. प्रत्येक वस्तूला चार तासांची खरेदीमर्यादा असते, तीही आधी पाहा. गाठीशी आहे त्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त एका मालात गुंतवू नका. मी 50 पैकी जवळजवळ 49 लाख गुंतवले होते, म्हणून भाव पडल्यावर थांबायची माझी ताकदच उरली नाही. हातात थोडी नाणी असती तर आठवडाभर थांबून थोडीथोडी विकता आली असती.

नाणी कमी पडली की मोह होतो तो नाणी दुप्पट करून देणाऱ्यांचा किंवा चिलखताला सोनेरी काठ लावून देतो म्हणणाऱ्यांचा. असा काठ लावण्याचं कौशल्यच खेळात नाही. दिलेली वस्तू गेली समजा. आणि खऱ्या पैशांनी बाहेरून नाणी घेणं तर नियमाविरुद्ध आहे, खातं बंद होतं. त्या नाण्यांमागे माणसं आहेत हेही माहीत असू द्या. व्हेनेझुएलात चलन कोसळलं त्या वर्षांत तिथले कितीतरी तरुण याच हिरव्या ड्रॅगनांची शिकार करून, जमलेली नाणी बाहेर विकून घरखर्च चालवत होते. मी रात्री विरंगुळा म्हणून जी कातडी घेत होते, त्यांतली काही कुणाच्या तरी जेवणाची होती. हे कळल्यापासून नाण्यांकडे नुसता आकडा म्हणून मला पाहता येत नाही.

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. यू लाकडाच्या लांब धनुष्यांना दोऱ्या लावायच्या म्हणत होता, धनुष्य वितळवलं की 768 मिळतात म्हणून खूश होता. मी म्हटलं, आधी एक धनुष्य, एक दोरी, एका मंत्राचे रून घे आणि एकच करून बघ. तासाभराने परत फोन.

“मावशी, एका नगाला 48 चा तोटा येतोय. पण मला लेव्हल हवीच आहे.”

“किती करणार?”

“हजार.”

“मग 48 हजार आत्ताच वेगळे काढून ठेव आणि वहीत खर्च म्हणून लिही.”




थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पाचशेच करतो.”